कामगारांच्या तोंडचे शब्द



वसंत व्याख्यानमालेत शब्दांविषयी बोलायला पंडितांना बोलावतात. मी पंडित नव्हे. माझी शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत जुने निवाडे वाचता वाचता झाले. तेव्हा व्युत्पत्तीच्या खोल पाण्यात मी शिरणार नाही. कामगारांच्या तोंडचे काही शब्द सांगेन आणि त्यांच्या अर्थावर माणसाचे पोट कसे अवलंबून असते, एवढेच दाखवीन.

मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी 1854 साली काढली. पुढे कोकणातून आणि घाटावरून माणसे आली, ती आपली बोली घेऊन आली. पाटाच्या पाण्याची पाळी ठाऊक असलेल्या शेतकऱ्याने ‘शिफ्ट’ला पाळी म्हटले. माग झाला साचा आणि तो चालवणारा साचेवाला. गैरहजेरीने पगाराला जे भोक पडते, तो खाडा. सूत कातण्याच्या एका यंत्राला इंग्रजीत ‘थ्रॉसल’ म्हणत. थ्रॉसल हा गाणारा पक्षी. यंत्राची गुणगुण त्याच्यासारखी वाटली म्हणून ते नाव पडले. आमच्या गिरणगावात त्या खात्याचे नाव झाले ‘त्रासन’! इंग्लंडच्या मजुराला तिथे पक्षी ऐकू आला, परळच्या मजुराला त्रास झाला. विद्वान याला अपभ्रंश म्हणतील. आठ तास त्या आवाजात आणि उडणाऱ्या कापसात उभे राहिलेल्या माणसाला मात्र तो शब्द अगदी शुद्ध वाटेल.

‘संप’ हाच शब्द घ्या. इंग्रजीतला ‘स्ट्राइक’ लंडनच्या खलाशांकडून आला. 1768 साली त्यांनी जहाजांची शिडे उतरवून काम बंद पाडले. फ्रेंच शब्द पॅरिसच्या एका चौकावरून पडला. बेकार माणसे तिथे काम शोधायला जमत. आपल्या शेजारच्या गुजरातीत संप म्हणजे आजही एकोपा. इतरांनी काम थांबण्यावरून किंवा जागेवरून नाव दिले; आपल्या शब्दात माणसे एक होणे आहे. 1982 च्या जानेवारीत सुरू झालेला गिरणी संप ज्यांच्या घरांवरून गेला, त्यांना एकोपा टिकवायला काय किंमत पडते हे सांगायला नको.

आता ‘बदली’. सरकारी नोकराची बदली म्हणजे गाव बदलणे. गिरणीतला बदली म्हणजे दुसऱ्याच्या खाड्यावर ज्याची चूल पेटते तो. पहाटे फाटकाशी उभे राहायचे, कोणी आला नाही तर आत जायचे, नाहीतर डबा घेऊन परत. आत जाण्यासाठी जॉबरचा हातही ओला करावा लागे. या शब्दाला इंग्रजी कायद्यालाही प्रतिशब्द सापडला नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात ‘बदली’ हाच शब्द घालून त्याची व्याख्या केली गेली. शिवाय, एक वर्षाची सलग नोकरी झाली की ले-ऑफच्या भरपाईपुरता त्याला बदली मानायचे नाही, असेही लिहिले गेले. फाटकावरचा शब्द कायद्यात गेला आणि त्याच्या पाठोपाठ हक्क आला. तसेच ‘माथाडी’चे. माथ्यावर ओझे वाहणाऱ्याचा हा शब्द 1969 साली महाराष्ट्राच्या एका कायद्याच्या नावातच जाऊन बसला.

शब्दाइतकेच महत्त्व अक्षराला आहे. 1962 साली शासनाने शुद्धलेखनाचे 14 नियम मान्य केले, 1972 साली आणखी 4 आले. शाळेत ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर गुण जातात. हजेरीपटावर चुकले तर फंड जातो. एका गिरणीत कारकुनाने एका कामगाराचे नाव गावातल्या हाकेप्रमाणे ‘धोंडू’ लिहिले. फंडाच्या कागदावर ते ‘धोंडीराम’ झाले. तो वारल्यावर त्याच्या पत्नीला दोन वर्षे हेलपाटे घालावे लागले. ती मला म्हणाली, “भाऊ, माणूस एकच होता, कागदच दोन आहेत.” तेव्हापासून सभासदाचे नाव लिहिताना मी त्याच्याकडून दोनदा वाचून घेतो.

आज धोका निराळा आहे. गावठी शब्दांनी आमचे कधी नुकसान केले नाही. गोड शब्द करतात. अंगणवाडीतली बाई ‘सेविका’, तिच्या जोडीची ‘मदतनीस’ आणि त्यांना मिळते ते ‘मानधन’. मोबाइलवरून आलेला डबा घरोघर पोचवणारा पोरगा तर म्हणे ‘पार्टनर’! भागीदार म्हटल्यावर मजुरी कोण मागणार? अंगणवाडीच्या बायकांनी हा प्रश्न न्यायालयात नेला. 2022 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरते मानधन हे वेतनच आहे. एका शब्दाचा अर्थ ठरला आणि म्हातारपणची तरतूद पदरात पडण्याची वाट मोकळी झाली.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. ज्यांच्या घरी जुना साचेवाला, हमाल, बदली असेल, त्यांनी त्याचे शब्द अर्थासह वहीत उतरून ठेवावेत. आणि ज्यांना नोकरीच्या कागदावर नवा गोड शब्द दिसेल, त्यांनी सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे, “साहेब, याचा अर्थ कुठे लिहिला आहे?”