नवजात बाळाची कावीळ घरी कशी ओळखावी?



बाळ जन्मले की नाक कुणाचे, रंग कुणाचा हे आपण कौतुकाने पाहतो. आज त्याच रंगाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू या.

नवजात बाळाच्या रक्तातील तांबड्या पेशी लवकर फुटतात व त्यातून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. ते बाहेर टाकणारे यकृत अजून कच्चे असते. म्हणून पूर्ण दिवसांच्या 100 पैकी सुमारे 60 बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. बहुतेकांची ती दोन आठवड्यांत आपोआप उतरते. परंतु काही थोड्या बाळांत हे द्रव्य फार वाढून मेंदूत शिरते. त्यातून बहिरेपणा व कायमचे अपंगत्व येते, प्रसंगी जीवही जातो. वेळीच उपचार झाले तर हे टळते.

अडचण अशी की, कावीळ साधारण 3ऱ्या ते 5व्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि तोवर बाळंतीण बहुधा घरी आलेली असते. तेव्हा पाहणारी नजर घरच्यांचीच!

बाळाला दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ घ्या. पिवळ्या बल्बखाली पाहू नका. अंगाला हळद लावली असेल तर रंग कळणार नाही. कपाळ, छाती, पोट व पाय यांवर बोटाने हलकेच दाबून बोट उचला. ती जागा पिवळी दिसली तर कावीळ समजा. बाळ सावळे असेल तर डोळ्यांचा पांढरा भाग व हिरड्या पाहा. पिवळेपणा चेहऱ्याकडून पायांकडे उतरत जातो. मात्र नजरेने प्रमाण कळत नाही. शंका आली की तपासणीच करावी.

पुढील लक्षणे दिसताच दवाखाना गाठा: पहिल्या 24 तासांतच पिवळेपणा, तळहात-तळपाय पिवळे, बाळ सुस्त, दूध ओढत नाही, कर्कश रडणे, अंग ताठणे. कावीळ 14 दिवसांनंतरही राहिली, शी पांढुरकी व लघवी गडद होत असली, तरी थांबू नका. पित्तनलिकेचा दोष असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या 60 दिवसांत अधिक यशस्वी होते. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर अधिक जपा. आशाताई 3ऱ्या व 7व्या दिवशी भेटीस आल्या की त्यांनाही बाळ उजेडात दाखवा.

काविळीची माळ, डाग देणे, ग्लुकोजचे पाणी, गुटी हे काहीही नको. आईचे दूध दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पाजा. विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंग्लंडमधील एका परिचारिकेच्या लक्षात आले की, उन्हात ठेवलेल्या बाळांचा पिवळेपणा कमी होतो. त्यातूनच 1958 साली निळ्या प्रकाशाचा उपचार पुढे आला. पण घरचे कोवळे ऊन म्हणजे तो उपचार नव्हे.

परिचारिकेने केले ते एवढेच, तिने नीट पाहिले. तेवढे आपणही करू शकतो. आणि शंका आल्यावर ‘उद्या सकाळी बघू’ असे मात्र म्हणू नका.