उड्यांचा मास्तर

माझ्या व्यवसायाचें नांव ऐकलें कीं ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधीं स्मित उमटतें आणि मग प्रश्न येतो: "उड्या मारायला शिकवतां म्हणजे नेमकें काय करतां हो तुम्ही?" एका लग्नाच्या पंक्तींत शेजारच्या वयोवृद्ध गृहस्थांनीं तर मला बजावलें होतें, कीं उडी मारणें हें माकडाला आणि मुलाला कोणी शिकवावें लागत नाहीं. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हे. मुलाला उडी मारतां येतेच. तीच उडी त्याला वेगानें धांवत येऊन, २० सेंटिमीटर रुंदीच्या एका फळीवरून, पाय शाबूत ठेवून आणि पुन्हां पुन्हां तशीच मारतां यावी, एवढ्यासाठीं मास्तर लागतो. ह्या नागपुरांतील एका महाविद्यालयांत मीं ३१ वर्षें हें काम केलें. त्याविषयीं चार शब्द बोलण्याची संधि आज मिळाली आहे.

आरंभींच एक गोष्ट सांगून टाकतों. अमेरिकेंतील मोठ्या विद्यापीठांतून केवळ उड्या शिकविण्यासाठीं स्वतंत्र शिक्षक नेमलेला असतो. धांवण्याचा शिक्षक निराळा, फेंकीचा निराळा. आमच्याकडे एका महाविद्यालयांत एकच शारीरिक शिक्षण संचालक, आणि कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सारें त्याच्या एकट्याच्या गळ्यांत. सकाळीं त्यानें खो-खोचा संघ निवडावा, दुपारीं सदऱ्यांच्या बिलांवर सह्या कराव्या, स्पर्धांचे प्रवेशअर्ज विद्यापीठाकडे धाडावे, आणि सायंकाळीं वेळ उरलाच तर आपल्या आवडीचें काम करावें. माझी आवड उड्यांची. त्यामुळें माझी खरी नोकरी सायंकाळीं साडेपांचाला सुरू होत असे. अमरावतीचें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचें, मद्रासेचें हॅरी बक ह्यांचें शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९२० सालचें. पण एकेका खेळाचा शिक्षक तयार करणारी पतियाळ्याची राष्ट्रीय संस्था निघाली ती १९६१ सालीं. तेव्हां हा धंदा आपल्याकडे अजून तरुणच म्हणावयाचा.

आमच्या विद्यापीठाच्या कक्षेंत पूर्वीं चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हेही होते. २०११ सालीं गोंडवाना विद्यापीठ निराळें झालें. तोंपर्यंत स्पर्धांच्या निमित्तानें त्या जंगलभागांतील मुलें दृष्टीस पडत. अनवाणी धांवत येऊन फळीवर असा कांहीं पाय मारीत कीं बघणाऱ्यानें मोजपट्टी विसरावी. त्यांच्या वडिलांचा प्रश्न मात्र ठरलेला: "गुरुजी, यानं नोकरी लागंल का जी?" शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं ५ टक्के जागा राखीव आहेत, एवढें मी सांगत असें. त्या मिळवायला किती वरचें पदक लागतें, हें सांगतांना माझा आवाज आपोआप खालीं येई.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. आमचे पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापकमित्र मला नेहमीं म्हणत, कीं वस्तु ४५ अंशांच्या कोनानें फेंकली म्हणजे सर्वांत दूर जाते. मग तुझीं मुलें इतकीं आडवीं कां उडतात? मीं त्यांना एकदां मैदानावरच आणलें. मुलगा सेकंदाला नऊ-दहा मीटर वेगानें येतो. ४५ अंशांनीं उठावयाचें तर तितकाच वेग त्याला वरच्या दिशेनें निर्माण करावा लागेल; तें माणसाच्या पायाला शक्य नाहीं. म्हणून उत्तम लांब उडी २० अंशांच्या आसपास उठते. आणि पाय फळीवर किती वेळ असतो? सेकंदाचा सुमारें आठवा भाग. तेवढ्यांत मुलगा विचार करूं शकत नाहीं आणि मास्तर ओरडूं शकत नाहीं. शिकवायचें तें सारें त्याआधींच्या अठरा-वीस पावलांत.

त्या पावलांतली मुख्य चूक डोळ्यांची असते. मुलगा फळीकडे बघूं लागला कीं शेवटचीं दोन पावलें आंखडतो किंवा लांबवतो, आणि मिळविलेला वेग तेथेंच सांडतो. म्हणून मास्तर फळीपाशीं उभा न राहतां मागें, खडूच्या खुणेपाशीं उभा राहतो आणि मुलाकडे नव्हे तर त्याच्या पावलांकडे बघतो. मला हें उमगायला सहा वर्षें लागलीं. तोंपर्यंत मी खड्ड्याकडेच बघत होतों, प्रेक्षकांसारखा.

एका वाक्याचें मोल किती असतें, ह्याचें उदाहरण मेक्सिकोच्या १९६८ च्या ऑलिंपिकमध्यें घडलें. बॉब बीमन ह्या तरुणाच्या पात्रताफेरींतील पहिल्या दोन उड्या बाद झाल्या. तिसरी बाद झाली असती तर तो घरीं परतला असता. त्या वर्षीं त्याला विद्यापीठाचा मास्तरही उरला नव्हता. वंशभेदाच्या निषेधार्थ त्यानें एका विद्यापीठाविरुद्ध उतरण्यास नकार दिला, म्हणून त्याला संघांतून दूर केलें होतें. त्याला शिकवीत होता राल्फ बॉस्टन, म्हणजे १९६० चा विजेता आणि त्या स्पर्धेंतील त्याचा प्रतिस्पर्धी! बॉस्टननें त्याला सांगितलें, फळीचा नाद सोड, मागूनच उडी घे. बीमन पात्र ठरला आणि दुसऱ्या दिवशीं ८.९० मीटर उडाला. आधींचा जागतिक विक्रम ८.३५ होता. बॉस्टनला कांस्यपदक मिळालें. मला त्या कांस्यपदकाविषयीं अधिक आदर वाटतो, हें येथें सांगून ठेवतों.

त्याच मेक्सिकोंत उंच उडींत जें घडलें त्याची कथा तर प्रत्येक मास्तरानें उशाशीं ठेवावी. डिक फॉस्बरी हा ऑरेगन राज्य विद्यापीठाचा विद्यार्थी. पाठ आडव्या दांडीकडे करून, डोकें आधीं, पाय शेवटीं, अशी त्याची विलक्षण रीत. शाळेंत असतांनाच त्यानें ती बसविली होती. विद्यापीठांतील त्याचे मास्तर बर्नी वॅग्नर ह्यांना ती पसंत नव्हती. त्यांनीं त्याला सरावांत जुनी, पोटाकडून दांडी ओलांडण्याचीच रीत शिकविण्याचा चंग बांधला; स्पर्धेंत मात्र त्याला त्याच्या रीतीनें उडूं देत. दुसऱ्या वर्षीं पहिल्याच स्पर्धेंत पोरानें ६ फूट १० इंच उंची ओलांडून विद्यापीठाचा विक्रम मोडला, आणि वॅग्नर ह्यांनीं आपला हट्ट सोडून दिला.

श्रोतेहो, हें वाक्य मीं झटकन उच्चारलें, पण त्यांत किती आहे पहा. ज्या विद्येवर आपलें पोट, आपली प्रतिष्ठा, ती विद्या ह्या मुलापुरती निरुपयोगी आहे असें एका सायंकाळीं मान्य करणें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच मैदानावर त्याच मुलासमोर मास्तर म्हणून उभें राहणें! फॉस्बरीनें २.२४ मीटर उडून सुवर्णपदक घेतलें. पुढच्या, म्हणजे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्यें ४० पैकीं २८ स्पर्धक त्याच्या रीतीनें उडत होते. जिंकला मात्र जुन्या रीतीचा तार्माक. तेव्हां जुन्या मास्तरांना चार वर्षें समाधान लाभलें असेल.

ही नवी रीत शक्य झाली तिला आणखी एक कारण आहे. पाठीवर पडायचें तर खालीं वाळू चालत नाहीं, मान मोडेल. त्या सुमारास अमेरिकेंत फोमच्या जाड गाद्या येऊं लागल्या होत्या. मग जेथें गादीच नाहीं तेथें काय? ह्याचें उत्तर आपल्याच राज्यांत, नाशिक जिल्ह्यांतील देवरगांव येथें मिळालें. तेथील शाळेंत रावसाहेब जाधव हे क्रीडाशिक्षक. सर्वेश कुशारे हा शेतकऱ्याचा मुलगा त्यांचा विद्यार्थी. गादी घ्यायला पैसा नव्हता. जाधव मास्तरांनीं कापूस आणि मक्याचा भुसा भरून गादी तयार केली आणि पोराला तिच्यावर पाठ टेकायला शिकविलें. मला त्या गादीचा हेवा वाटतो. आमच्या विदर्भांत कापसाला काय तोटा? पण तें मला सुचलें नाहीं. मी अनुदानाच्या अर्जाची वाट बघत बसलों.

पुढें सर्वेश सैन्यांत दाखल झाला, निराळ्या शिक्षकांच्या हाताखालीं गेला. हेंही ह्या धंद्यांत आलेंच. ज्यानें पहिली पाठ टेकवली त्याच्या हातीं शेवटची उंची क्वचितच असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें तो २.१५ मीटरच उडाला आणि पात्रताफेरींतच थांबला. २०२५ सालीं टोकियो येथील जागतिक स्पर्धेंत तो अंतिम फेरींत पोहोंचला, उंच उडींत असा मान मिळविणारा पहिला भारतीय, आणि २.२८ मीटर उडून सहावा आला. त्या रात्रीं मी घरीं एकटाच टाळ्या वाजवीत होतों. सौभाग्यवतींनीं आंतून विचारलें, काय झालें? मीं म्हटलें, मक्याचा भुसा सहावा आला.

येथवर दुसऱ्यांचें सांगितलें. आतां एक माझें. माझ्याकडे तिहेरी उडीचा एक विद्यार्थी होता. ह्या उडींत मधल्या पावलाच्या वेळीं एका पायावर देहभाराच्या दहा-पंधरापट भार येतो. मुलगा भंडाऱ्याकडचा, अबोल, सांगितलें तें करणारा. पावसाळा संपला होता आणि आमची काळी माती वाळून दगड झाली होती. स्पर्धा नऊ दिवसांवर. त्यानें मला सकाळीं सांगितलें होतें, "सर, टांच दुखते." मीं पाहिली, पट्टी बांधली, आणि सायंकाळीं उड्या घेतल्या. त्याची लय त्या दिवशीं अशी कांहीं जमली होती, कीं मला थांबवेना. मी म्हणत गेलों, "आणखी एक." दुखऱ्या टांचेला वांचवायला तो पाय तिरका टाकत होता. पावलांकडे बघण्याचा मला एवढा अभिमान. पण त्या सायंकाळीं मी मोजपट्टीकडे बघत होतों. एका उडीला गुडघा आंतून वळला. तो ओरडलाही नाहीं. वाळूंत बसून राहिला आणि मला म्हणाला, "सर, ही मोजूं नका."

तो पुन्हां उडला नाहीं. त्याच्या वडिलांनीं मला एका शब्दानें दोष दिला नाहीं. "नशीब", एवढेंच म्हणाले. नशीब नव्हतें, मी होतों, हें मीं त्यांना तेव्हां सांगितलें नाहीं. तीन वर्षांनीं त्यांच्या घरीं जाऊन सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें, चहा दिला, आणि शेतावर निघून गेले. त्यानंतर माझ्या मैदानावर एक नियम झाला: दुखतें असें मुलानें म्हटलें कीं त्या दिवशीं उडी नाहीं, स्पर्धा उद्यां असली तरीही. त्या नियमापायीं दोन पदकें गेलीं आणि एका प्राचार्यांची मर्जी गेली.

तो विद्यार्थी आतां आपल्याच जिल्ह्यांत एका खेड्याच्या शाळेंत शिक्षक आहे. किंचित् लंगडतो. गेल्या दिवाळींत त्याचा फोन आला. शाळेंत लांब उडीचा खड्डा खणवायचा होता. वाळू किती खोल हवी, विचारीत होता. मीं सांगितलें, मध्यभागीं हात कोपरापर्यंत गेला पाहिजे; नदीची वाळू घे, मातीची नको; पाऊस पडला कीं दुसऱ्या दिवशीं सारी उकर, आणि धांवपट्टीवर मुलांना सोडण्याआधीं स्वतः अनवाणी चालून बघ. "चालून बघितलें सर," तो म्हणाला, "दोनदां." मग त्यानें वाळूचा भाव विचारला, आणि कन्हानची वाळू सध्यां किती महाग झाली आहे ह्यावर आम्ही बराच वेळ बोलत होतों.