शैक्षणिक कर्ज : परतफेड, सवलत आणि माफी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त मुळशी येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी कर्जासारखा रूक्ष विषय कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आज मुळशी तालुक्यातील कोणत्याही मध्यमवर्गीय घरात दहावी-बारावीचा निकाल लागला की आनंदाच्या पाठोपाठ पहिला प्रश्न येतो तो शुल्काचा. ज्या तालुक्यात लवळ्याच्या टेकडीवर खासगी विद्यापीठे उभी राहिली, पौडजवळ १९९७ पासून जगभरातील विद्यार्थी शिकण्यासाठी येऊ लागले आणि हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाची नगरी वसली, त्याच तालुक्यातील किराणा दुकानदाराला आपल्या मुलीच्या प्रवेशासाठी बँकेच्या दारात उभे राहावे लागते. कर्जाच्या कागदावर मुलीबरोबर त्याचीही सही होते. म्हणून हा विषय केवळ विद्यार्थ्याचा नाही. तो संपूर्ण कुटुंबाचा आहे.

कर्ज घेताना सर्वांना माहिती असते. ते फेडताना मात्र बहुतेकांना अनेक गोष्टी नव्याने कळतात आणि त्यातून एक घातक समजूत पसरते : "सरकार कधी ना कधी माफ करील." या समजुतीची शहानिशा करणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. विद्यार्थ्यांना कर्ज देण्याचा प्रयोग आपल्या देशात बँकांनी नव्हे, तर प्रत्यक्ष शासनाने सुरू केला. १९६३ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय ऋण शिष्यवृत्ती योजना आणली. गुणवान परंतु गरजू विद्यार्थ्यांना बिनव्याजी रक्कम द्यावी, नोकरी लागल्यावर त्यांनी ती हप्त्याहप्त्याने परत करावी आणि परत आलेल्या पैशातून पुढील विद्यार्थी शिकावेत, अशी ती उदात्त कल्पना होती. तीत एक सुंदर तरतूद होती. कर्ज घेतलेला विद्यार्थी शिक्षक झाला, तर त्याच्या सेवेच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा एक दशांश भाग माफ होई. म्हणजे माफी होती, पण ती आधीच जाहीर केलेली होती आणि समाजाला दिलेल्या सेवेच्या बदल्यात होती.

ही योजना टिकली नाही. वसुलीची जबाबदारी राज्यांच्या शिक्षण खात्यांवर होती आणि शिक्षण खाते म्हणजे काही पेढी नव्हे. विद्यार्थी शिकून परगावी जात, पत्ते बदलत. हप्ते इतके लहान असत की पाठपुराव्याचा खर्च जड वाटे. वसुली अत्यल्प राहिली आणि १९९१ पासून ही योजना बंद झाली. यातून घेण्याचा बोध असा की, विद्यार्थी अप्रामाणिक होते असे म्हणण्यापेक्षा त्यांचे खाते नीट सांभाळणारे कोणी नव्हते, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. ज्या उधारीची वही कोणी उघडत नाही, ती उधारी बुडते, हे व्यापारी समाजाला वेगळे सांगावयास नको.

त्यानंतर २००१ मध्ये भारतीय बँक संघाची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली आणि कर्ज देण्याचे काम बँकांकडे गेले. चार लाख रुपयांपर्यंत तारण नाही, अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत व त्यानंतरही काही काळ हप्ता नाही, असे तिचे स्वरूप होते. परतफेडीची मुदत आरंभी पाच ते सात वर्षांची होती. २०१५ च्या सुधारणेनंतर ती पंधरा वर्षांपर्यंत वाढली. शासनाची भूमिका बदलली. ते आता सावकार राहिले नाही. व्याजाचा भार उचलणारे आणि बँकेला हमी देणारे झाले. २००९-१० च्या शैक्षणिक वर्षापासून, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आहे, त्याच्या मुलाचे हप्ता-सुट्टीच्या काळातील व्याज केंद्र शासन भरू लागले. २०१५ मध्ये पत हमी निधी स्थापन झाला. साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज थकले, तर थकबाकीच्या ७५ टक्के रक्कम हा निधी बँकेला देतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेस मान्यता दिली. आरंभी ८६० दर्जेदार संस्था तीत घेण्यात आल्या. तेथे प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळू शकते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील दरवर्षी एक लाख विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता-सुट्टीच्या काळात, तीन टक्के व्याजसवलत देण्याची तरतूद तीत आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हमी ही बँकेला असते, विद्यार्थ्याला नव्हे. निधीने बँकेची भरपाई केली तरी विद्यार्थ्याचे देणे शिल्लकच राहते आणि बँक वसुली चालू ठेवते. 'निर्लेखन' या शब्दाचेही तसेच. अमुक बँकेने इतक्या कोटींची कर्जे निर्लेखित केली, असे वृत्तपत्रात वाचून अनेकांना ती माफ झाली असे वाटते. दुकानदार जुनी बुडीत उधारी चालू वहीतून काढून वेगळ्या पानावर टाकतो. परंतु ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानात आले, तर मागितल्याशिवाय राहतो काय? बँकेचे निर्लेखन असेच आहे. ते ताळेबंदाच्या शुद्धीसाठी असते. माफीमध्ये मात्र देणेच संपते, आणि ते पैसे कोणीतरी, बहुधा करदाता, भरत असतो.

मग शासनाने शैक्षणिक कर्जात कधी माफी दिलीच नाही काय? दिली, परंतु मर्यादित. फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी एक घोषणा केली. ३१ मार्च २००९ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांवर ३१ डिसेंबर २०१३ रोजी जे व्याज थकलेले होते, त्याचा भार शासनाने उचलला. सुमारे नऊ लाख विद्यार्थ्यांना सुमारे २,६०० कोटी रुपयांचा लाभ होईल असा अंदाज होता. मुद्दल मात्र माफ झाले नाही. १ जानेवारी २०१४ पासूनचे व्याजही विद्यार्थ्यानेच भरावयाचे होते. ही मदत अनेकांसाठी आवश्यक होती, यात शंका नाही. तरीही ज्याने पोटाला चिमटा काढून व्याज वेळेवर भरले होते, त्याच्या पदरी काय पडले, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न मुळशीच्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. २००८ ची केंद्राची, २०१७ ची आणि २०१९ ची राज्याची, अशा कृषी कर्जमाफ्या आपण पाहिल्या. प्रत्येक वेळी विकास सोसायटीच्या कट्ट्यावर एकच चर्चा झाली : "ज्याने भरले तो वेडा ठरला काय?" म्हणूनच २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेच्या जोडीला नियमित फेड करणाऱ्यांसाठी ५० हजार रुपयांपर्यंतचे प्रोत्साहनपर अनुदान आले आणि २०२२ पासून ते प्रत्यक्ष वाटले गेले. माफीचा न्याय केवळ थकबाकीदाराला नव्हे, तर प्रामाणिक ऋणकोलाही दिसला पाहिजे, हे शासनाला उमगले, असे म्हणता येईल.

परदेशांतही या प्रश्नाने सरकारांना सतावले आहे. अमेरिकेत शासनाने प्रत्येकी दहा हजार आणि काहींना वीस हजार डॉलरपर्यंत कर्जमाफी जाहीर केली. परंतु ३० जून २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. माफीच्या आशेवर बेत आखलेल्या लाखो तरुणांना पुन्हा हप्त्यांकडे वळावे लागले. इंग्लंडची रीत निराळी आहे. तेथे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेले तरच, वरच्या रकमेच्या नऊ टक्के कपात पगारातून होते. नोकरी गेली तर कपात थांबते. ठरावीक वर्षांनंतर उरलेले कर्ज आपोआप रद्द होते. २०१२ नंतरच्या विद्यार्थ्यांसाठी ही मुदत ३० वर्षे होती, २०२३ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी ती ४० वर्षे झाली. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्येच उत्पन्नाशी निगडित परतफेड सुरू केली. या पद्धतीत शिक्षण निष्फळ ठरण्याची जोखीम विद्यार्थी आणि समाज वाटून घेतात, आणि वाटणी कशी होणार हे प्रवेशाच्या दिवशीच ठाऊक असते. आपल्याकडे ती तशीच्या तशी आणणे अवघड आहे, कारण आपल्याकडील कितीतरी उत्पन्न पगारपत्रकावर येतच नाही. परंतु तिच्यामागचे तत्त्व स्वीकारण्याजोगे आहे : सवलत आधी ठरलेली असावी, निवडणुकीच्या तोंडावर अचानक आलेली नसावी.

आता हिशेबाकडे वळू. समजा, पौडच्या बाजारपेठेतील एका दुकानदाराच्या मुलीने चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी एक लाख, असे चार लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने घेतले. अभ्यासक्रमानंतर एक वर्ष हप्ता नाही. या पाच वर्षांत सरळ व्याज एक लाख चाळीस हजार होते, म्हणजे फेड सुरू होताना देणे पाच लाख चाळीस हजार. दहा वर्षांची मुदत घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ७,१३६ रुपये बसतो आणि एकूण सुमारे साडेआठ लाख भरावे लागतात. पंधरा वर्षांची मुदत घेतली, तर हप्ता सुमारे ५,८०० वर येतो, परंतु एकूण रक्कम दहा लाखांच्या वर जाते. याउलट, पहिल्या पाच वर्षांचे व्याज शासनाने किंवा वडिलांनी त्या त्या वेळी भरले, तर दहा वर्षांसाठी हप्ता सुमारे ५,२८६ रुपयेच राहतो. आदर्श योजनेत शिक्षणकाळात व्याज भरणाऱ्यास दरात एक टक्का सूट देण्याचीही तरतूद आहे. मोठी कर्जमाफी दूर राहिली. या एका उत्पन्नाच्या दाखल्यावर आणि वेळच्या वेळी भरलेल्या व्याजावर लाख-दोन लाखांचा फरक पडतो. असे असूनही तहसील कार्यालयातून दाखला वेळेत न आणल्यामुळे, किंवा तो बँकेत न दिल्यामुळे, पात्र कुटुंबे सवलतीस मुकतात.

योजना कायम राहतील असेही गृहीत धरू नये. २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यामुळे परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज-अनुदानाची 'पढो परदेश' योजना आपल्या मुलांनाही खुली झाली. परंतु २०२२-२३ पासून ती बंद करण्यात आली. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाची अल्प व्याजाची शैक्षणिक कर्जे उपलब्ध आहेत, आणि २०२४ मध्ये राज्य शासनाने जैन समाजासाठी स्वतंत्र आर्थिक विकास महामंडळाचा निर्णय घेतला. या गोष्टींचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र सवलत हा आधार समजावा, पाया समजू नये.

आणि हप्ता खरोखरच भरता आला नाही तर? नोकरी लागली नाही, आजारपण आले, अभ्यासक्रम अर्धवट राहिला, असे कोणाच्याही घरी घडू शकते. अशा वेळी सर्वांत मोठी चूक म्हणजे लपणे. नव्वद दिवस थकले की खाते अनुत्पादक ठरते आणि त्याची नोंद पत-अहवालात होते. पुढे घराचे किंवा दुकानाचे कर्ज मागताना ती नोंद आडवी येते, सहकर्जदार वडिलांच्या बाबतीतही येते. म्हणून नव्वद दिवस संपण्यापूर्वी बँकेत लेखी अर्ज करावा. मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची विनंती करावी. खाते थकलेच असेल तर लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. तेथे न्यायालयीन शुल्क नाही आणि तेथील निवाडा अंतिम असतो. तडजोडीची नोंद पत-अहवालात राहते, एवढे मात्र जाणून असावे. वसुली प्रतिनिधीने सकाळी आठपूर्वी वा सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तो मोडला गेल्यास प्रथम बँकेकडे आणि दाद न मिळाल्यास लोकपालाकडे तक्रार करता येते. कर्ज थकणे हा गुन्हा नाही. ज्या मुलाला हे कोणी सांगत नाही, तो लाजेने घरात कोंडून घेतो. आणि ती लाज कर्जापेक्षा अधिक नुकसान करते.

येथेच समाजसंस्थांचे काम सुरू होते. परतफेडीच्या शिष्यवृत्तीची परंपरा आपल्या विद्यार्थीगृहांना आणि विश्वस्त निधींना नवी नाही. शिकलेला विद्यार्थी रक्कम परत आणून देतो आणि तीच रक्कम दुसऱ्याच्या हाती जाते. शासनाच्या १९६३ च्या योजनेला जे साधले नाही, ते अशा निधींना साधते, कारण येथे देणारा घेणाऱ्याला नावाने ओळखतो. अशा संस्थेने पुढील काही गोष्टी केल्या तरी पुष्कळ होईल. कर्ज घेण्यापूर्वी राज्याच्या शुल्क-सवलती व शिष्यवृत्त्या मिळतात काय, हे पाहावे. जून महिन्यात उत्पन्नाचे दाखले काढण्यास कुटुंबांना साहाय्य करावे. गरजू विद्यार्थ्याचे शिक्षणकाळातील व्याज निधीतून भरावे. आणि अडचणीत आलेल्या तरुणाबरोबर बँकेत जाण्यासाठी एक अनुभवी व्यक्ती नेमावी. दहा लाखांची देणगी देणारा मिळणे कठीण. परंतु बँकेच्या बाकावर तासभर सोबत बसणारा वडीलधारा प्रत्येक गावात आहे.

शेवटी एवढेच. आपल्या व्रतांमध्ये अचौर्याला स्थान आहे. जो भरू शकतो आणि भरत नाही, त्याने केवळ बँकेचे पैसे ठेवून घेतलेले नसतात. पुढच्या एखाद्या मुलीचा प्रवेश अडवलेला असतो. आणि जो खरोखर भरू शकत नाही, त्याला चोर म्हणणे हीदेखील हिंसाच आहे. या दोघांतील फरक ओळखणे हे शासनाचे कर्तव्य आहे. शासनाला तो कागदावरून ओळखावा लागतो. समाजाला तो माणसावरून ओळखता येतो.

जय जिनेंद्र.