साथीनंतरचा हवापालट
(ट्रस्टच्या अमृतमहोत्सवी समारंभातील भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. पंचाहत्तर वर्षांच्या कार्याचा अहवाल आपण ऐकलाच आहे आणि देणगीदारांचे आभारही यथोचित मानून झाले आहेत. तेव्हा त्याच गोष्टी पुन्हा सांगून आपला वेळ घेण्यापेक्षा, सर्वांच्या जिव्हाळ्याचा आणि सध्या थोड्या वादाचाही झालेला एकच विषय आपल्यापुढे मांडावा, असे आम्ही ठरविले. तो विषय म्हणजे आंबोलीचे आपले आरोग्यभवन, आणि करोनाच्या साथीने त्याच्यापुढे उभा केलेला प्रश्न.

ज्याला आज आरोग्य-पर्यटन म्हणतात, त्याला आपल्या वाडवडिलांचा एक साधा शब्द होता: हवापालट. आपले बेळगाव तर 'गरिबांचे महाबळेश्वर' म्हणून ओळखले जाई. उंची मोजायची झाली तर आंबोलीपेक्षा आपले गावच थोडे उंचावर भरेल. तरीही आजारातून उठलेल्या माणसाला आपण आंबोलीस नेतो. तिथले धुके, झाडी आणि शांतता यांचा मोह आहेच. पण घरच्या विवंचनांपासून सत्तर किलोमीटर दूर जाणे, हेही निम्मे औषध असते.

पण साथीचे आणि हवापालटाचे नाते जुने आहे, आणि ते दिसते तितके सरळ नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हे डॉक्टर मूळचे गोव्याचे. त्यानंतर मुंबईतून लोकांचे लोंढे बाहेर पडले, आणि त्यांच्या मागोमाग रोगही गावोगाव पोहोचला. पुढे प्लेग आपल्या भागात आला तेव्हा लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहू लागले. मोकळ्या हवेने प्लेग टळतो, असे त्या वेळी म्हणत. खरे कारण निराळे होते. रोग उंदरांच्या पिसवांतून पसरत होता, आणि माळावर गेल्याने माणूस त्या उंदरांपासून दूर होत होता. हवेला श्रेय मिळाले, काम मात्र अंतराने केले. १९१८ साली आलेली इन्फ्लुएंझाची साथ, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणत, तीही आगगाडीच्या रुळांवरून देशभर गेली. त्या साथीत हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साथीच्या दिवसांतील प्रवास जाणाऱ्याला तारतो, पण तो ज्या गावी जातो त्या गावाला मारूही शकतो. हवापालटात पक्ष दोन असतात, पाहुणा आणि यजमान. आजवर आपण विचार केला तो पाहुण्याच्या प्रकृतीचा.

पुढचा काळ क्षयाचा. त्यावर खात्रीचे औषध नव्हते, म्हणून स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढ्यावरच भिस्त असे. पाचगणीला आणि मिरजेजवळ वानलेसवाडीला सॅनिटोरियम झाली. आपल्या समाजातील किती घरांतून मिरजेची वाट धरावी लागली, हे येथे बसलेली वडीलधारी मंडळी जाणतात. पुढे स्ट्रेप्टोमायसिन व इतर औषधे आली. मद्रासला १९५६ साली सुरू झालेल्या केंद्रात एक मोठा प्रयोग झाला. काही रोग्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवले, तर काहींना त्यांच्या गरीब वस्तीतील घरीच ठेवून तीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरच्या रोग्यांचा गुण जवळजवळ सॅनिटोरियमइतकाच आला होता, आणि त्यांच्यामुळे घरच्या मंडळींना अधिक लागण झाल्याचेही दिसले नाही. त्यानंतर जगभरची सॅनिटोरियम हळूहळू रिकामी होत गेली. रोग्यांच्या जागी धडधाकट माणसे सुट्टीला येऊ लागली, आणि हवापालटाची सहल झाली. आपल्या भवनाचेही तेच झाले. नाव आरोग्यभवन राहिले. नोंदवहीत मात्र वर्षाअखेरच्या आणि पावसाळी शनिवार-रविवारच्या गर्दीची नावे वाढली.

अशा स्थितीत २०२० साल उजाडले. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोना ही जगभरची साथ असल्याचे जाहीर केले आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. २०१९ साली भारतात १ कोटी ९ लाखांवर परदेशी प्रवासी आले होते. २०२० साली ते सुमारे २७ लाखांवर आले आणि २०२१ साली सुमारे १५ लाखांवर. परदेशी पाहुण्यांवर अवलंबून असलेली मालिशघरे, योगशाळा आणि समुद्रकाठची विश्रामगृहे ओस पडली. आपल्याकडे शिनोळी-बाचीच्या वाटेवर नाके बसले. ज्या रस्त्याने आपण बाजाराला जावे तसे चंदगडला आणि आंबोलीला जात होतो, त्या रस्त्यावर पास आणि तपासणीचा दाखला मागू लागले. गावांनी आपापल्या वेशी बंद केल्या. वर्षानुवर्षे जाणारे आपण त्या दिवसांत परके ठरलो. त्याचा राग काहींना आला होता. पण ज्या गावी मोठे इस्पितळ नाही, त्या गावाने वेस बंद करू नये तर काय करावे?

आता एक कटू गोष्ट सांगतो. भवन बंद झाले तसे भाडेही बंद झाले. तेव्हा कार्यकारिणीपुढे रखवालदारांच्या पगाराचा प्रश्न आला, आणि आम्हीच त्या सभेत म्हणालो की उत्पन्न नाही तर पगार अर्धा करावा. तसा ठराव झाला. तीन महिने त्या कुटुंबाने अर्ध्या पगारात भवन राखले, कौले शाकारली आणि विहिरीवरचा पालापाचोळा काढला. पुढे एका भगिनीने सभेत विचारले, "आपण गेलो नाही म्हणून त्यांना भूक लागली नाही का?" त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. राहिलेली रक्कम मागाहून दिली. पण उशीर झाला तो झालाच. भूतदयेचे नाव घेणाऱ्या ट्रस्टच्या इतिहासात ही नोंदही असावी, म्हणून आज ती बोलून दाखविली.

२०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली. तिने आपल्यातली किती माणसे नेली, ते येथे उच्चारण्याची गरज नाही. जे वाचले त्यांतील कित्येकांना जिना चढवेना. त्या वर्षी पावसाळा सरल्यावर आपल्या एका सभासदांचे चिरंजीव भवनात तीन आठवडे राहिले. जाण्यापूर्वी त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतला होता, लस घेतली होती आणि गावाला तसे कळविलेही होते. पहिल्या दिवशी ते फाटकापर्यंत चालले आणि तिथेच बसले. रोज बोटाला यंत्र लावून प्राणवायू मोजायचा आणि आदल्या दिवसापेक्षा थोडेच पुढे जायचे, असा क्रम त्यांनी ठेवला. रखवालदारांच्या घरून सकाळी पेज येई, दुपारी कुळथाचे पिठले आणि नाचणीची भाकरी. तिसऱ्या आठवड्यात ते हिरण्यकेशीच्या देवळापर्यंत जाऊन आले. हवेने रोग बरा होतो, असे आम्ही म्हणणार नाही. इस्पितळ, औषध आणि लस यांची जागा हवा घेत नाही. पण इस्पितळातून सुटणे आणि कामावर रुजू होणे यांच्यामध्ये जे दिवस असतात, त्यांना निवारा लागतो. आपले भवन बांधले गेले ते अशाच दिवसांसाठी. साथीने आपल्याला नवे काही शिकविले नाही, विसरलेले आठवून दिले.

साथीनंतर जगाचा ओघ मात्र निराळा झाला आहे. बंदी उठताच लोक प्रथम जवळच्या ठिकाणी, आपल्या गाडीने, उघड्या हवेत जाऊ लागले. घरून कचेरीचे काम करण्याची सवय लागल्याने दोन दिवसांचे पाहुणे महिना-महिना राहू लागले. योग, प्राणायाम, आयुर्वेद यांची मागणी वाढली. सरकारनेही २०२२ च्या जानेवारीत वैद्यकीय व आरोग्य-पर्यटनाचे राष्ट्रीय धोरण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ११ डिसेंबर रोजी गोव्यात पेडणे तालुक्यातील धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले, आणि जवळच मोपाच्या विमानतळाचेही. २०२३ साली भारतीय उपचारपद्धतींसाठी येणाऱ्या परदेशीयांकरिता आयुष व्हिसा निघाला. तेव्हा हा ओघ आंबोलीच्या घाटापर्यंत यावा, यात नवल नाही.

आणि तो आलाही आहे. आपल्या आठ खोल्यांच्या जागी चाळीस खोल्यांचे, पोहण्याच्या तलावाचे आणि मालिशघराचे आरोग्य-विश्रामगृह बांधू, असा एक प्रस्ताव ट्रस्टपुढे आहे. जागा तीस वर्षांच्या कराराने द्यायची आणि भाडे घ्यायचे. जे सभासद याला अनुकूल आहेत त्यांचे म्हणणे हलके मानू नये. त्या भाड्यातून गरजू विद्यार्थ्यांना मदत होईल, रुग्णसाहाय्य निधी दुप्पट होईल, असे ते म्हणतात, आणि हिशेबात ते खरे आहे.

पण एक हिशेब विहिरीचाही आहे. आंबोलीला वर्षाकाठी तीनशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तरीही तो सड्यावरून वाहून जातो, आणि वैशाखात आपल्या विहिरीचा तळ दिसतो. आठ खोल्यांना पुरते ते पाणी चाळीस खोल्यांना आणि तलावाला कोठून येणार? ते गावाच्या वाट्यातूनच येणार. दुसरी गोष्ट हिरण्यकेशीची. तिच्या उगमाच्या पाण्यात राहणाऱ्या एका चिमुकल्या माशाच्या नव्या जातीची शास्त्रीय नोंद २०२० साली, म्हणजे ऐन साथीत झाली. त्याला नदीचेच नाव मिळाले, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आणि मंडळी, ती नदी आंबोलीला उगम पावून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत आपल्याच जिल्ह्यात येते. वरच्या अंगाला आपण जे सोडू, ते खाली आपल्याच लेकरांच्या तांब्यात येणार आहे.

आरोग्यधाम गावाला पोसूनही चालते, याचे उदाहरण दूर नाही. १९४६ च्या मार्चमध्ये महात्माजींनी पुण्याजवळ उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे काम सुरू केले, ते खेड्यातील गरिबांसाठी. मणिभाई देसाईंनी ते पुढे नेले. त्याच कामातून १९६७ साली बाएफ ही संस्था निघाली आणि तिने शेतकऱ्यांच्या गोधनाची सुधारणा हाती घेतली. रोगी बरा करायला गेलेल्यांनी गावाची दुभतीही पाहिली. शाश्वत पर्यटन म्हणून ज्याचा आज उच्चार होतो, त्याचा अर्थ आम्ही असा समजतो की पाहुणा निघून गेल्यावर गावाचे पाणी, अन्न आणि आरोग्य कमी झालेले नसावे. झालेच तर थोडे वाढलेले असावे.

म्हणून आमची सूचना अशी आहे. खोल्या आठच ठेवाव्यात, पण त्या नीट कराव्यात. त्यांपैकी दोन खोल्या आजारातून उठलेल्यांसाठी आणि त्यांच्या सोबत्यासाठी बारमाही राखाव्यात, ऐपत असो वा नसो. धडधाकट माणसाने मात्र पुरते भाडे द्यावे. तिथे सभासद म्हणून सवलत मागू नये. एका खोलीला बाहेरून स्वतंत्र दार करावे, म्हणजे कोणाला ताप आला तर त्याला वेगळे राहता येईल. आणि निघण्यापूर्वीच ताप आला तर आगाऊ भरलेले पैसे पूर्ण परत द्यावेत. ही बाब लहान वाटेल. पण पैसे बुडू नयेत म्हणून अंगात ताप घेऊन गाडीत बसणारी माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांचा प्रसाद घेणारी गावेही.

तांदूळ, नाचणी, दूध, भाजी गावातूनच घ्यावी. कचरा आपल्या गाडीतून परत आणावा. आणि भाड्याच्या दर रुपयातील वीस पैसे वेगळ्या निधीत टाकावेत, इतके की भवन सहा महिने बंद राहिले तरी रखवालदारांचा पगार एक दिवसही अडू नये. साथ पुन्हा केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती आली तर पहिल्या महिन्यात कोणाचा पगार कापायचा, याची चर्चा आपल्या सभेत पुन्हा होऊ नये, इतकीच आमची इच्छा.

यात उत्पन्न कमी आहे, हे उघड आहे. विद्यार्थ्यांना द्यायची रक्कम मग आपल्याच खिशातून काढावी लागेल. त्या कामी पहिले नाव आमचे लिहावे, अशी चिटणीसांना विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत हा प्रश्न मतास येईल. त्यापूर्वी आपण एकदा आंबोलीस जाऊन यावे. भवनात एक रात्र राहावे, विहिरीत डोकावून पाहावे आणि रखवालदारांच्या ओसरीवर बसून त्यांनाही विचारावे. आजवर त्यांना कोणी विचारलेले नाही. मग जे वाटेल त्यास मत द्यावे.