थरांत मांडलेला पौष

(शिशिरातल्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

टेबलावर हे काचेचं भांडं ठेवलंय. उभ्या कडांचं, वीतभर रुंद. बोलता बोलता मी ते भरणार आहे. मागच्या रांगेतल्यांना थर दिसावेत म्हणूनच काच निवडली.

थरांचं सॅलड म्हटलं की बहुतेकांच्या मनात रंग येतात. रंग हवेतच, पण आज मी मुख्यतः पाण्याबद्दल बोलणार आहे. कुठला थर खाली आणि कुठला वर, हे भाजीतलं पाणी ठरवतं. ते एकदा समजलं की कृतीचा कागद लागत नाही.

काकडीच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणी असतं, गाजरात सुमारे ८८. आपण ज्याला कोरडं समजतो ते गाजरसुद्धा बहुतांशी पाणीच. चिरलेल्या भाजीवर मीठ पडलं की पेशींतलं पाणी बाहेर यायला लागतं. साखरेनंही तेच होतं. म्हणून कोशिंबीर आधी कालवून ठेवली तर पंगत बसेपर्यंत वाडग्यात तळं साचतं. आपल्या बायकांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. खमंग काकडी करताना काकडी चोचवून, पिळून पाणी काढतात, वर दाण्याचं कूट घालतात आणि मीठ अगदी पान वाढताना. कूट चवीसाठी असतंच, पण उरलंसुरलं पाणी तेच टिपतं. थरांच्या सॅलडमध्ये मी हेच ज्ञान उभं रचते आहे.

जगात थर लावायच्या दोन अगदी उलट रीती आहेत. रशियात नवीन वर्षाच्या मेजवानीत खारवलेला हेरिंग मासा, उकडलेला बटाटा, गाजर आणि बीट यांचे थर मेयोनेजसह लावतात आणि काही तास मुरू देतात. तिथे थरांनी एकमेकांत झिरपावं हीच अपेक्षा. अमेरिकेतल्या सात थरांच्या सॅलडमध्ये लेट्यूस तळाशी कोरडं राहतं आणि मेयोनेजचा जाड थर वरून झाकणासारखा पसरतात, म्हणजे रात्रभर फ्रीजमध्ये राहूनही खालचं पान कुरकुरीत राहतं. मला ही दुसरी रीत आपल्या कच्च्या भाज्यांना जवळची वाटते. फक्त झाकण मेयोनेजचं नको, चक्क्याचं हवं.

आता भाज्या कुठल्या? पौषात हा प्रश्न पडायचं कारणच नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी होते. तिच्यात गाजर, वांगी, पावटा, ओला हरभरा, मटार, कुठे बोरं, आणि वरून तीळ. या महिन्यात शेतात काय आहे, त्याची ती यादीच आहे. त्यातलं वांगं मी वगळते, बाकीचं घेते. काकडी आणि टोमॅटो मी आज आणलेले नाहीत. हॉटेलांतल्या बारमाही प्लेटमुळे त्यांच्यावाचून सॅलड होत नाही अशी समजूत झाली आहे, ती मला मनापासून खटकते. मुळाही वगळला. मला तो फार आवडतो, पण चिरलेला मुळा तासाभरात सगळ्या भांड्याला आपला वास लावतो. त्याची वेगळी पचडी करावी.

तळाशी बीट. बीटाचा रंग पाण्यात विरघळतो आणि रस खालीच उतरतो. बीट वर ठेवलं तर खालचे सगळे थर गुलाबी होतील. कुकरला लावताना सोलायचं नाही, शेंडा आणि बोटभर देठ राहू द्यायचा, म्हणजे रंग पाण्यात जात नाही. गार झाल्यावर सोलून बारीक फोडी करायच्या, फडक्यावर कोरड्या करायच्या आणि चमचाभर शेंगदाणा तेल चोळायचं. तेलाच्या लेपामुळे रंग धीमेपणानं सुटतो. मीठ नाही.

त्यावर दाण्याचं जाडसर कूट. फार भाजलेलं नको, नाहीतर त्याचीच चव पुढे येते. बीटाचा ओलावा वर चढू नये म्हणून हा थर आहे, काचेतून तो सोनेरी रेघेसारखा दिसतो ही वरची मिळकत.

मग हिरवे दाणे. मटार उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, सोलाणे जरा जास्त, आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. सोडा घालू नका, रंग राहतो पण दाणा गिळगिळीत होतो. पावटा मात्र पुरता शिजवायचा, अर्धाकच्चा पावटा पोटाला बाधतो. हे सगळे दाणे फडक्यावर पसरून अगदी कोरडे व्हायला हवेत. घाई करायची असेल तर बाकी कुठेही करा, इथे नको.

गाजर त्याच्यावर. थंडीत मिळणारं लाल गाजर घ्या. बीटाला ते थेट चिकटू देऊ नका, दोन लाल शेजारी आले की दोघांचंही तेज जातं. मध्ये हिरवा थर आला की दोन्ही उठून दिसतात. किसणीच्या जाड बाजूनं किसा, बारीक किसलं की रस सुटतो. गाजरातलं कॅरोटिन स्निग्ध पदार्थाच्या सोबतीनं अंगी लागतं, म्हणून खालचं कूट आणि वरची फोडणी इथे उपयोगी पडतात.

यानंतर पेरू, करकरीत आणि बिया काढलेला. कापलेला पेरू हवेनं काळवंडतो, लिंबाच्या आंबटपणानं ते लांबतं. हलकं लिंबू चोळून लगेच झाका. झाकायला कोबी, विळीवर केसासारखा चिरलेला आणि धुतल्यावर पूर्ण निथळलेला. कोबी सर्वांत वर का, तर मिठाचा पहिला मारा त्याला सोसायचा आहे. मीठ फक्त चक्क्यात आहे आणि चक्का फक्त कोबीला टेकतो. कोबी चिवट आहे, तो बराच वेळ दम धरतो, आणि त्याच्याखालच्या कुणाला मिठाची वार्ताही लागत नाही. सगळ्या रचनेची किल्ली इथे आहे.

अर्धा किलो दही तीन-चार तास टांगून ठेवलं की साधारण निम्मा चक्का मिळतो. त्यात भाजलेल्या तिळाची पूड, आलं-मिरचीचं वाटण, मीठ, चिमूटभर साखर आणि पसरण्याइतकी साय. हा थर काचेच्या कडेपर्यंत न्यायचा, कुठेही फट ठेवायची नाही. मग फ्रीज. सकाळी लावा, रात्री वाढा, त्याहून लांबवू नका.

देखणेपणाचीही एक युक्ती सांगते. प्रत्येक थर आधी काचेलगत बोटांनी नीट दाबून बसवायचा, मग मधला भाग भरायचा. आणि थर एकाच जाडीचे करू नका. दाण्यांचा जाड, कुटाचा बारीक, गाजराचा मध्यम. डोळ्याला चढउतार लागतो.

फळं अगदी शेवटी, पाहुणे हात धुवायला उठले की. आधी मोहरी, हिंग आणि तिळाची फोडणी कोमट करून चक्क्यावर सोडायची, मग डाळिंबाचे दाणे, संत्र्याच्या सालपट काढलेल्या फोडी आणि अर्ध्या केलेल्या स्ट्रॉबेरी. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी या दिवसांत भरात असते. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार सरत आलेला असतो आणि मृगाचा फेब्रुवारीत सुरू होतो, तेव्हा जानेवारीत संत्रं चाखूनच घ्या. द्राक्षांची घाई नको. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर त्यांना चारेक महिने लागतात, गोडी फेब्रुवारीत येते. आणि ताजा अननस चक्क्याजवळ आणूच नका. त्यातलं ब्रोमेलिन दुधातली प्रथिनं तोडतं, दही कडू होतं. अननस हवाच असेल तर वाफवून घ्या, उष्णतेनं ते निष्प्रभ होतं.

वाढताना लांब दांड्याचे दोन चमचे थेट तळापर्यंत न्यायचे आणि उभा काप उचलायचा. वरवरचं उचललं तर पहिल्याला चक्का आणि शेवटच्याला बीट मिळतं. कालवायचं ज्यानं त्यानं आपल्या ताटात. मीठ आणि खालच्या भाज्या तिथे पहिल्यांदा भेटतात, म्हणून पहिला घास कुरकुरीत लागतो.

हेच भांडं चैत्रात पूर्ण बदलेल. तेव्हा काकडीचा हंगाम, कैरीही आलेली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण कैरीची डाळ करतोच. भिजवून भरड वाटलेली हरभऱ्याची डाळ तळाशी घाला, कुटाचं काम ती करते, काकडीचं पाणी पिऊन आणखी रुचकर होते. त्यावर काकडी, कांदा, किसलेली कैरी, ओलं खोबरं. वर खरबूज, पण आयत्या वेळी. पावसाळ्यात मी कच्चा पाला वापरत नाही, चिखल आणि किडीमुळे तो स्वच्छ होण्याची खात्री वाटत नाही. तेव्हा उकडलेली मक्याची कणसं आणि उकडलेला बटाटा हेच मुख्य थर.

शेवटी एक प्रश्न विचारला जातोच, उरलं तर काय करायचं? कालवलेलं उरलेलं सॅलड पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून खाण्यात मजा नाही, त्याला पाणी सुटलेलं असतं. वरची फळं वेचून खा. बाकीच्यात सकाळी थालीपिठाची भाजणी घाला, मीठ चाखून पाहा, वेगळं पाणी घेऊ नका. सुटलेल्या पाण्यातच पीठ मळलं जातं, आणि बीटामुळे थालीपीठ तांबूस होतं.