मातीतले वादक

पेरू देशाच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या त्रुहियो शहराच्या आसपास, इसवी सन १०० ते ८०० या सुमारास मोचे संस्कृती नांदत होती. या लोकांना लिपी नव्हती. त्यांच्या संगीताविषयी आज जे कळते, ते बव्हंशी त्यांच्या कुंभारांमुळे.

कुंभाराचे चाक तेव्हा अमेरिका खंडात वापरात नव्हते. मोचे कारागीर मातीच्या दोन अर्ध्या साच्यांत ओली माती दाबून दोन्ही भाग सांधत आणि मूर्तीच्या आकाराचा पोकळ कुंभ घडवत. वर रिकिबीसारखी वळलेली नळी आणि तिच्या मधोमध तोटी. रंग बहुधा दोनच: पांढरट आणि तांबूस.

अशा कुंभांत ढोलवादक पुष्कळ आहेत. एका हाताने छोटा ढोल धरलेला, दुसऱ्या हातात टिपरी. डोक्यावरचे शिरोभूषण आणि कानातली जाड कर्णभूषणे इतकी बारकाईने घडवलेली असतात, की वादकाचा मान सहज लक्षात यावा. शंखवादक आणि बासरीवाले आहेत, काही वादक आंधळे आहेत, तर काही चक्क हाडांचे सापळे! मेलेल्यांच्या जगातही वाजवणे-नाचणे चालते, अशी कल्पना त्यामागे असावी. हे कुंभ मुख्यतः थडग्यांतच सापडतात, हे पाहता तो तर्क पटतो.

सर्वांत बोलके चित्रण आहे ते पावावादकांचे. कमी-अधिक लांबीच्या नळ्या ओळीने बांधून हा पावा तयार होतो. मोचे चित्रांत दोन वादक समोरासमोर उभे असतात आणि त्यांचे पावे एका दोरीने जोडलेले असतात. तितिकाका सरोवराच्या परिसरात आजही ‘सिकू’ नावाचा पावा जोडीनेच वाजवतात. एकाच सुरावटीचे स्वर दोन पाव्यांत वाटलेले असतात. एकाने एक स्वर फुंकला की पुढचा दुसऱ्याने. एकट्याला ती सुरावट पुरी करताच येत नाही. मोचे वादकही असेच वाजवत असावेत, असे अभ्यासक मानतात.

मात्र थडगी लुटणाऱ्यांनी फार नुकसान केले. बाजारात आलेला कुंभ कोणाच्या थडग्यातला, शेजारी काय होते, हे कायमचे हरवते. मोचे वादक पाहायचे तर उत्तम जागा म्हणजे लिमा शहरातले लार्को संग्रहालय. राफाएल लार्को होयले यांनी ते १९२६ साली स्थापन केले. तिथे दालनांबरोबरच कुंभांनी खच्चून भरलेली कोठारेही सर्वांना पाहता येतात.