पाठीचाही एक एक्स-रे काढा



मुलांच्या हाडांच्या आणि सांध्यांच्या वाढीत जन्मतःच असणाऱ्या दोषांविषयी मी बोलावं, असं मला सांगितलं आहे. २०२३ साली जगभरातल्या तज्ज्ञांनी या दोषांची यादी नव्याने केली, तिच्यात ७७१ विकार आहेत. तेवढे इथे सांगता यायचे नाहीत. मी आज एकाच विकाराविषयी बोलणार आहे, कारण आपल्या देशात त्याचे रुग्ण वरचेवर सापडतात आणि पुष्कळदा त्यांच्यावर वर्षानुवर्षं भलतेच उपचार होत राहतात. त्याचं नाव प्रोग्रेसिव्ह स्यूडोऱ्हुमॅटॉइड डिसप्लेजिया. नाव विसरलात तरी हरकत नाही, चित्र मात्र डोळ्यांसमोर ठेवा.

मूल जन्मतं तेव्हा चांगलं असतं, वेळेवर चालू लागतं. मग तीन ते आठ वर्षांच्या दरम्यान कधीतरी ते लवकर दमू लागतं, मांडी घालून बसायचं टाळतं, जिना चढताना कठड्याला धरतं. बोटांची पेरं जाड दिसू लागतात. बोटं पुरती सरळ होत नाहीत. आई-वडील डॉक्टरांकडे नेतात आणि निदान होतं लहान मुलांच्या संधिवाताचं. स्टिरॉइड सुरू होतं, मेथोट्रेक्सेट सुरू होतं. गुण येत नाही म्हणून डोस वाढतो.

आता थोडं घराकडे बघू. पावसाळ्यात दार फुगतं आणि अडकतं. सुतार येतो, रंधा मारतो किंवा आपण ऊन पडायची वाट बघतो. फुगलेल्या दाराला हे उपाय ठीकच आहेत. पण घरातलं प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी अडकत असेल, उन्हाळ्यातही अडकत असेल, आणि लाकडाला हात लावला तर ते कोरडं ठणठणीत लागत असेल, तर? तेव्हा दाराला रंधा मारत बसायचं नसतं, चौकटी बघायच्या असतात. त्या बसवतानाच तिरक्या बसल्या आहेत. कितीही रंधा मारा, दार पातळ होईल, अडकायचं थांबणार नाही.

संधिवात म्हणजे फुगलेलं दार. सांधा सुजतो, गरम लागतो, सकाळी आखडलेला असतो, रक्तात ईएसआर आणि सीआरपी हे सुजेचे निर्देशक वाढलेले असू शकतात. मी सांगतो त्या विकारात पेर जाड असतं, पण दाबून बघा, ते हाडासारखं टणक लागतं. ऊब नाही, लाली नाही. ईएसआर नॉर्मल, सीआरपी नॉर्मल. तिथे सूज नाहीच, हाडाची टोकंच रुंद वाढलेली आहेत. आणि ज्या स्टिरॉइडचा इथे काही उपयोग नाही, तेच मुलाची उंची खुंटवतं, हाडं ठिसूळ करतं. दार पातळ होतं ते असं.

मग चौकट कुठे बघायची? पाठीत. हीच गोष्ट मला आज सांगायची आहे. बोटं दुखतात म्हणून आपण हाताचा एक्स-रे काढतो, कंबर दुखते म्हणून खुब्याचा काढतो. पाठ दुखत नसते, म्हणून पाठीचा कुणी काढत नाही. या मुलांचे मणके चपटे झालेले असतात, त्यांच्या पुढच्या कडा ओबडधोबड असतात. बाजूने काढलेल्या एका एक्स-रेत हे दिसतं. संधिवाताने मणके असे चपटे होत नाहीत. खेड्यात, तालुक्याला काम करणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्रांनो, सांध्यांचं दुखणं अनेक ठिकाणी आहे आणि रक्त नॉर्मल आहे, असं मूल समोर आलं तर औषध लिहिण्याआधी पाठीचा एक एक्स-रे काढा. एवढं कराच.

या विकाराचं जनुक १९९९ साली सापडलं आहे, रक्ताच्या तपासणीत निदान पक्कं करता येतं. आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष प्रत आली तरच हा विकार होतो. आई-वडील स्वतः धडधाकट असतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत कित्येक घरांत आहे, तिथे दोघांकडे एकच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते. पण नात्यात लग्न नसलेल्या घरांतही ही मुलं सापडतात. म्हणून सासूबाईंनी सुनेकडे बोट दाखवू नये. दोष निम्मा तुमच्या मुलाकडूनच आलेला आहे. मला याचा फार राग येतो, पण तो विषय आज नको.

पाठीच्या एक्स-रेचा आणखी एक फायदा सांगतो. मॉर्किओ नावाच्या विकारातही मणके चपटे दिसतात, गुडघे एकमेकांवर घासतात. त्यात मानेचे वरचे मणके अस्थिर असू शकतात, म्हणून भूल देण्याआधी ते कळणं जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचं. त्याला एन्झाइमचं औषध आहे. फार महाग आहे, पण २०२१च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात काही विकारांना मदतीची सोय आहे आणि त्यासाठी ठरवलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. 

वेळ संपत आली. दोन गोष्टी राहिल्या. हे ऐकून कुणी घरी जाऊन स्टिरॉइड एकदम बंद करू नका. ते धोक्याचं असतं. डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायचं. आणि निदान झाल्यावर औषध नाही म्हणून घरी बसू नका. व्यायामाने सांधे हलते राहतात, दुखणं कमी ठेवता येतं, पुढे तरुणपणी खुबा बदलता येतो. बुद्धीला काहीही झालेलं नसतं, तेव्हा शाळा सोडवू नका. पुढचं मूल हवं असेल तर दर खेपेस चारात एक एवढी शक्यता असते, पण आधीच्या मुलाचं जनुक-निदान हातात असेल तर गरोदरपणात तिसऱ्या महिन्यात तपासणी करता येते. म्हणून दिवस राहण्याच्या आधी या, नंतर धावपळ होते. येताना जुने सगळे एक्स-रे आणा, अगदी पहिलाही. आणि त्यात पाठीचा नसेल तर तोही एक काढा.